दहा रुपयांचं तिकीट आणि मोजमाप वही: सात महिन्यांचा माझा अनुभव

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. लोक मिक्सरबद्दल, मोबाईलबद्दल, हॉटेलातल्या थाळीबद्दल अभिप्राय लिहितात. मी ज्या सेवेबद्दल लिहिणार आहे ती सरकारी आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करायचा आणि आपल्या गावात झालेल्या कामाची कागदपत्रं स्वतः जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, एवढीच ती सेवा. माहितीचा अधिकार म्हटलं की लोकांना कागदांच्या नकला आठवतात. बसून कागद बघता येतात, आणि झालेलं कामही बघता येतं, हे दुकानात रोज अर्ज लिहून देणाऱ्या मलाही या वर्षापर्यंत नीट माहीत नव्हतं.

सुरुवात एका व्हिडिओने झाली. माझं माहेर विट्यापासून तासाभरावर, आटपाडीच्या वाटेवर. गावाचं नाव लिहीत नाही. जुलैत गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. एक तरुण हातात बूम, म्हणजे बातमीदाराचा माईक घेऊन आमच्या वरच्या आळीत उभा, आणि खाली लाल पट्टी: ‘२४ लाखांचा रस्ता गायब, ग्रामसेवकाने निधी खाल्ला’. दोन दिवसांत तो व्हिडिओ माझ्या मोबाईलवर नऊ जणांनी पाठवला. त्यात माझे दोन चुलतेही होते. माझा विश्वास बसला, हे आधी सांगते. ग्रामपंचायत म्हटलं की पैसा खाल्लाच असणार, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलेलं असतं की पुढचा प्रश्न सुचतच नाही.

तिसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती, प्रवेशाचे दिवस. रांगेत एक मुलगी दहावीचं मार्कलिस्ट आणि रहिवासी दाखला घेऊन उभी होती. तिच्या मागच्या दोघांनी मोबाईलवर तोच व्हिडिओ मोठ्या आवाजात लावला. मुलगी त्या ग्रामसेवक भाऊसाहेबांची, हे त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. माझ्या लेकीच्या वर्गातलीच ती. तिने मान वर केली नाही. चार कागदांचे आठ रुपये माझ्या हातात न देता काचेवर ठेवले आणि दाखल्याची मूळ प्रत मशीनमध्येच विसरून गेली. संध्याकाळी मी ती प्रत माझ्या लेकीबरोबर पाठवून दिली. रात्री जेवताना मी विचार केला, की आपण हा व्हिडिओ चौघांना पुढे पाठवलाय, पण तो रस्ता आहे की नाही हे बघायला वरच्या आळीत गेलोय का? माहेर तर माझंच आहे.

मग वहिनींना फोन लावला. भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात तमिळनाडूत, घर आणि शेती वहिनीच बघतात. म्हटलं, “वैनी, वरच्या आळीतला रस्ता झालाय का नाही?”

“झालाय की वन्सं. मारुतीच्या देवळापास्नं टाकीपातुर. शाळेची पोरं त्यावरनंच जात्यात.”

म्हणजे रस्ता गायब नव्हता. बातमीतली पहिली गोष्ट तिथेच खोटी ठरली.

दुसरी गोष्ट घरात बसून तपासली. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाचं ‘ई-ग्रामस्वराज’ म्हणून पोर्टल आहे, एप्रिल २०२० पासून सुरू आहे. लॉगिन लागत नाही. वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत गेलं की आराखडा आणि झालेली देयकं दिसतात. आमच्या गावचा त्या वर्षाचा आराखडा २४ लाखांच्या आसपास निघाला. पण तो सगळ्या कामांचा मिळून: पाणी, गटार, शाळेचं शौचालय, अंगणवाडीची दुरुस्ती. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला साठ टक्के भाग बंधित होता, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. रस्त्यासारखी कामं उरलेल्या चाळीस टक्क्यांत. या रस्त्याचं देयक ३ लाख ९६ हजारांचं होतं. बूमवाल्या तरुणाने पानाच्या तळाची बेरीज उचलली आणि ती एका रस्त्याच्या नावावर टाकली.

असं मोठ्या प्रमाणावर झालेलं आमच्या भागाने पाहिलंय. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून दहा वर्षांत सिंचनाची टक्केवारी जेमतेम ०.१ ने वाढल्याचं समोर आलं. त्या काळात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी खर्च झाले होते. मथळे आले ते ‘७० हजार कोटींचा घोटाळा’ असे. खर्च झालेली रक्कम आणि खाल्लेली रक्कम एकच धरली गेली. त्याच २०१२ साली सरकारने श्वेतपत्रिका काढून वाढ पाच टक्क्यांच्या पुढे असल्याचं सांगितलं. पुढे चौकशीला चितळे समिती बसली, तिने २०१४ मध्ये अहवाल दिला आणि त्यात गैरप्रकार नोंदवलेही. पण गावात विचाराल तर आजही लोकांना आकडा आठवतो तो सत्तर हजारांचाच. कुठल्या कालव्याचं अंदाजपत्रक किती वेळा वाढवलं, कुणाच्या सहीने वाढवलं, हे कुणाला आठवत नाही, कारण ते मथळ्यात कधी आलंच नाही. टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याची आम्ही वर्षानुवर्षं वाट पाहिली. उशीर कशामुळे झाला, पैसा नेमका कुठे मुरला, हे कळणं आमचा हक्क होता. फुगलेल्या आकड्याने तो हक्क मारला गेला, असं माझं ठाम मत आहे. आकडा जितका फुगवावा तितकं चोराला सोपं जातं. त्याला फक्त ‘एवढे नाहीत’ एवढंच सिद्ध करावं लागतं.

आता सेवेकडे येते.

नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला द्यावेत असं ठरवलंय. त्याची प्रिंट काढून ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मी आमच्या भागातल्या बांधकामाच्या एका कार्यालयात गेले. कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला एका टेबलाशी भांडायचं नाही. तिथल्या बाबूंनी प्रिंट वाचली, परत दिली आणि म्हणाले, “ताई, लेखी अर्ज करा, साहेब दौऱ्यावर आहेत.” भाषा उद्धट नव्हती. पण काम झालं नाही. एस.टी.चं जायचं-यायचं तिकीट आणि अर्धा दिवस बंद दुकान, एवढं पदरी पडलं.

मग लेखी अर्ज. नमुना ‘जोडपत्र अ’. राज्याच्या नियमानुसार एक विषय आणि दीडशे शब्द, त्यापेक्षा जास्त नको. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसं म्हणतं. मी लिहून आणलेले सहा प्रश्न खोडले आणि एकच ठेवलं: या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक यांची प्रत्यक्ष पाहणी मिळावी.

मोजमाप पुस्तिका म्हणजे काय ते सांगते. ठेकेदार आणि कार्यालयात तिला ‘एमबी’ म्हणतात. काम झाल्यावर अभियंता जागेवर जाऊन लांबी, रुंदी आणि जाडी मोजतो आणि त्या वहीत लिहितो, सही करतो. वरचा अधिकारी त्यातली काही मापं पुन्हा तपासतो. बिल त्या आकड्यांवर निघतं. उद्घाटनाचा फलक, वर्तमानपत्रातला फोटो, ‘विकासगंगा’ नावाची पुरवणी, व्हिडिओतली लाल पट्टी, यातलं काहीही बिलाला लागत नाही. पैसा निघतो तो या वहीच्या पानावरून. म्हणून चोरी झाली असेल तर ती याच पानावर असते.

तीस दिवस गेले, उत्तर नाही. एकतिसाव्या दिवशी पहिलं अपील केलं, त्याला वीस रुपयांचं तिकीट. सुनावणी नोव्हेंबरात लागली. अपिलीय अधिकारी बाई होत्या. त्यांनी फाईल चाळली आणि सात दिवसांत पाहणी द्या असा आदेश दिला, पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांसाठी माझे तीन महिने गेले. मुदतीत माहिती दिली नाही तर अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड कायद्यात आहे, पण तो लावण्याचा अधिकार माहिती आयोगाला. आमच्यासाठी पुण्याचं खंडपीठ, आणि तिथपर्यंत जायचं तर दुसरं अपील. एकट्या बाईने दुकान बंद ठेवून हे किती करावं, हा प्रश्न मला पडलाच.

पाहणीचा दिवस मात्र विसरणार नाही. पाहणीचा पहिला तास फुकट असतो. एका कोपऱ्यातल्या टेबलावर फाईल ठेवली, समोर शिपाईमामा बसले. वही जाड पुठ्ठ्याची, लांबट, पानांना छापील क्रमांक. निळ्या शाईत, सुंदर अक्षरात लिहिलं होतं: लांबी १२०.००, रुंदी ३.००, जाडी ०.१५, एकूण ५४.०० घनमीटर. कुठे खाडाखोड नाही. मी ते आकडे हाताने उतरवून घेतले आणि त्या पानाची नक्कल मागितली, पानाला दोन रुपये. माझ्या दुकानातही तोच दर आहे, पण या दोन रुपयांच्या कागदावर ‘सत्यप्रत’ असा शिक्का असतो, आणि सगळी ताकद त्या शिक्क्यात आहे.

त्याच रविवारी माहेरी गेले. वहिनींनी गवंड्याकडून स्टीलचा टेप आणून ठेवला होता. लांबी आम्ही दोघींनी मोजली: एकशे एकोणीस मीटर आणि काही सेंटीमीटर. रुंदी तीनच. म्हणजे दोन मापं बरोबर. टाकीजवळ गटार झालेलं नाही, पावसाने कडेचा मुरूम वाहून गेलाय आणि काँक्रीटची कड उघडी पडलीय. तिथे वहिनी उकिडव्या बसल्या, खुरप्याने माती बाजूला केली आणि टेप उभा धरला. दहा सेंटीमीटर. चार पावलं पुढे, अकरा. वळणावर नऊ. “वन्सं, पंध्रा म्हनला हुतासा न्हवं?” वहिनींनी विचारलं. मी कागद काढून पुन्हा वाचला. पंधराच होते.

पंधराऐवजी दहा, म्हणजे सहा इंचाच्या जागी चार इंच. चोपन्न घनमीटरचे पैसे घेतले आणि छत्तीस घनमीटर माल टाकला. अठरा घनमीटर काँक्रीट गावात आलंच नाही. अंदाजपत्रकातल्या दराने ती रक्कम लाखाच्या वर जाते.

मला राग आला तो यासाठी की ही चोरी बातमीतल्या चोरीपेक्षा खूप लहान आहे आणि खूप खरी आहे. रस्ता गायब नाही, तो पातळ आहे. ऊस भरलेला ट्रॅक्टर दोन हंगाम गेला की तो फुटेल, मग दुरुस्तीचं नवं काम निघेल, त्याचीही एमबी लिहिली जाईल. आणि दोषाची वाटणीही बातमीत होती तशी नाही. जाडी मोजायचं काम ग्रामसेवकाचं नव्हतं. ज्याने माल टाकला तो ठेकेदार आणि ज्याने न मोजता पंधरा लिहिलं तो अभियंता, हे दोघे त्या व्हिडिओत नावालाही नव्हते. ग्रामसेवक आणि सरपंचांनी पैसे काढताना डोळे झाकून सह्या केल्या, तो दोष त्यांचा, आणि तो मी तक्रारीत लिहिला. पण चोवीस लाख त्या मुलीच्या बापाने खाल्ले हे खोटं आहे.

मी त्या बूमवाल्या तरुणाला सगळे कागद पाठवले, फोनही केला. तो ओळखीचाच, त्याच्या लग्नपत्रिका माझ्याकडेच छापल्या होत्या. म्हटलं, बाबा, चुकीचं सांगितलंस ते दुरुस्त कर आणि खरं आहे ते दाखव. तो म्हणाला, “आक्का, चार इंच आन् सहा इंच, ह्यात बातमी कुठं हाय? कोन बघनार?” तो वाईट मुलगा नाही. त्याला व्ह्यूजवर पैसे मिळतात, पगार कुणी देत नाही. पण त्याच्या त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही, कारण आपल्या भागातला पैसा जातो तो नेमका चार आणि सहा इंचांच्या मधून.

छापील बातम्यांची गोष्ट फार वेगळी नाही. माझ्या दुकानात कात्रणं येतात. निवेदनाला पुरावा म्हणून कात्रण जोडलेलं असतं. मग ‘ग्रामस्थांचे निवेदन’ अशी बातमी येते. तिचं कात्रण पुढच्या निवेदनाला लागतं. असे गठ्ठे मी सतरा वर्षं झेरॉक्स करतेय. त्यात मोजमाप वहीचं पान मला एकदाही दिसलं नाही. आणि या रस्त्याच्या शुभारंभाची बातमी नारळ फोडतानाच्या फोटोसकट आली होती, ती मी शोधून काढली. मजकूर कार्यालयाच्या प्रेसनोटचा शब्दन् शब्द. ‘दर्जेदार रस्ता’ असं त्यात होतं, काम सुरू व्हायच्या आधी.

कार्यालयातल्या लोकांची बाजूही सांगायला हवी. पाहणी करताना शिपाईमामा हळूच म्हणाले, “ताई, निम्मे लोक अर्ज करतात आन् ठेकेदाराकडनं पाकीट घेऊन मागं घेतात. म्हणून आमचे साहेब कुणालाच नीट बोलत नाहीत.” हे मला माहीत होतं. असे अर्ज माझ्याच दुकानात टाइप होतात आणि दोन आठवड्यांनी ‘माझे समाधान झाले’ असं पत्रही माझ्याच दुकानात टाइप होतं. या वर्षापासून तसली पत्रं टाइप करणं मी बंद केलंय. दोन गिऱ्हाइकं तुटली.

आणखी एक अडचण आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधलं वैयक्तिक माहितीचं पोटकलम बदललंय. पूर्वी त्यातच ‘व्यापक जनहितासाठी’ अशी वाट होती, आता सरळ ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलंय. हजेरीपटावरची नावं, लाभार्थी याद्या मागाल तर हे कारण पुढे येऊ शकतं. कलम ८(२) अजून शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अर्जातच ते कलम लिहावं, मी आता सगळ्यांना तसंच लिहून देते.

ज्यांना ही सेवा वापरायची आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची व्याख्या आहे, तिच्यात कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही येतं. म्हणजे काँक्रीटचा नमुनाही मागता येतो. मी माझ्या दुसऱ्या अर्जात तो मागितला आणि सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत सत्यप्रत वाचून दाखवली. गावच्या ग्रामसभेत मी बोलायची ही पहिलीच वेळ. सासरी गेलेल्या लेकीने इथं बोलावं का, असं एकाने विचारलं. वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, “मग मी वाचते.” त्यांनी वाचलं. अडखळत वाचलं, पण १२०, ३ आणि ०.१५ हे तिन्ही आकडे मोठ्याने वाचले. ग्रामसेवक भाऊसाहेब टेबलाशी बसले होते. त्यांनी ठरावात ‘जाडीची तपासणी करावी’ हे स्वतःच्या हाताने लिहिलं.

मार्क द्यायचे तर कायद्याला पाचपैकी साडेचार. दहा रुपयांत एवढी ताकद दुसरी कुठलीच वस्तू देत नाही. कार्यालयाने ती ज्या पद्धतीने दिली त्याला दोन, आणि त्यातलाही एक त्या अपिलीय बाईंचा. ई-ग्रामस्वराज आधी जरूर बघा, त्याने खोटा मोठा आकडा दहा मिनिटांत उघडा पडतो. पण तिथे देयक दिसतं, जाडी दिसत नाही. तिच्यासाठी एमबी आणि टेप लागतोच. माझा एकूण खर्च तिकिटं, नकला, एस.टी. आणि बंद दुकान धरून तीन हजारांच्या आत आला.

फेब्रुवारीत कोर कटिंगची मशीन आली. रस्त्यात तीन ठिकाणी गोल भोकं पाडून नमुने काढून नेले. वहिनींनी प्रत्येक नमुना बाहेर निघताना मोबाईलवर फोटो काढला, शेजारी टेप धरून. भोकं सिमेंटने बुजवलीत, ती लांबून पांढरी दिसतात. अहवाल अजून हातात आलेला नाही. तो मिळावा म्हणून तिसरा अर्ज मी परवा दिला, दहाचं तिकीट लावून, आणि पोच घेतली.